वसंतरावांच्या वतीने

राजापार्कची दुकानं मागे पडली तशा विजयमालाताई थांबल्या. एका हाताने कुंपणाचा गज धरून दुसऱ्या हाताने त्यांनी चपलेत गेलेला खडा काढला. आम्हाला घरून निघून पाऊण तास झाला होता. जवाहर नगरहून मोती डुंगरीच्या गणपतीला सरळ रस्त्याने इतका वेळ लागत नाही, पण ताई सरळ रस्त्याने जातच नाहीत. गल्ल्यागल्ल्यांतून वळणं घेत जायची त्यांची सवय.

"कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून लागलेली सवय आहे गं," खडा फेकत त्या म्हणाल्या. "आता भेटलं तर भेटलं. पण पाय ऐकत नाहीत."

बुधवार होता. आपल्याकडे गणपतीचा वार मंगळवार, इथे जयपुरात बुधवार. सात वर्षांपूर्वी बदली होऊन आले तेव्हा मला हे चुकल्यासारखं वाटायचं. मग ताईंनी समजावलं, "देव तोच आहे, इथं त्याची ड्यूटी बुधवारी लागते." तेव्हापासून आम्ही दोघी दर बुधवारी चालत जातो. त्या बुधवारी मात्र ताईंचं लक्ष देवाकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी ईश्वरी नाशिकहून यायची होती. लग्नानंतर साडेतीन वर्षांत पहिल्यांदा. तीसुद्धा घरी नाही, सरकारी दवाखान्याच्या नशामुक्ती विभागात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, अकराच्या बैठकीला. बैठक झाली की घरी यायचं की तिथूनच स्टेशन गाठायचं, हे ती तिथेच ठरवणार होती. तसं तिने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

विजयमालाताई मूळच्या खटाव तालुक्यातल्या. त्यांचे यजमान वसंतराव फौजेत सुभेदार होते. शेवटची पोस्टिंग जयपूरला झाली, इथेच घर घेतलं, इथेच राहिले. ताईंचं मराठी अजून गावचंच आहे, फक्त मधेमधे 'मतलब' येतो. घर आरशासारखं. दारात रांगोळी, आत सगळं जागच्या जागी. त्या घरात काही बिघडलं असेल असं मला पहिली सहा वर्षं वाटलं नाही. मी समोरच राहते, तरी.

पुढे चालताना ताई म्हणाल्या, "मी ह्या गणपतीला काय मागायची, सांगू? ह्यांची सुटू दे, असं कधी मागितलं नाही. कुणाला कळू देऊ नको, एवढंच मागायची. आणि त्यानं दिलं की! कितीतरी वर्षं कुणाला कळलं नाही."

वसंतराव रिटायर झाल्यावर पिणं वाढलं. माजी सैनिकांना कॅन्टीनमधून दर महिन्याला ठरलेल्या बाटल्या मिळतात. बाहेरच्या ठेक्यावरचं, म्हणजे दारूच्या दुकानातलं, काहीबाही पिण्यापेक्षा कॅन्टीनचं चांगलं, असं ताईंनी मनाशी ठरवलं. फौजी घरांत हे पुष्कळ जणी धरून चालतात, असं त्या सांगतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या वसंतरावांचा शर्ट इस्त्री करायच्या, भांग पाडायला लावायच्या आणि स्वतः त्यांना घेऊन जायच्या. बाटल्या घरी आल्या की कपाटात, साड्यांच्या मागे. किल्ली कमरेला. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, 'शुभं करोति' झालं, की त्या कपाट उघडायच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून ग्लासात ओतायच्या. आधी चार झाकणं. मग सहा. मग सकाळी हात थरथरतात म्हणून सकाळचीही दोन.

"मला वाटायचं, माप माझ्या हातात आहे, म्हणजे दारू माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "नर्स झाले होते गं मी. ह्यांना ताप आहे, ह्यांचं बीपी वाढलंय, ह्यांचा फोन बिघडलाय. रिटायर झाल्यावर हे सिक्युरिटीच्या ड्यूटीवर जायचे, तिथं मीच फोन करायची. गावी दीर आजारी पडला तर मीच बोलायची, 'हे म्हणतात, काळजी करू नका.' हे काहीच म्हणत नव्हते. हे झोपलेले असायचे."

ईश्वरीच्या साखरपुड्याला सकाळी वसंतरावांचे हात फार थरथरत होते. जावयाला टिळा लावताना सगळ्यांच्या देखत हात हलायला नको, म्हणून ताईंनी दोनाऐवजी चार झाकणं दिली. टिळा नीट लागला. त्यानंतर अर्ध्या तासाने वसंतराव पाहुण्यांच्या पंगतीत खुर्चीवरून घसरले. ताईंनी लगेच सांगितलं, "उपास होता ना, चक्कर आली." नाशिकची मंडळी भली, त्यांनी लिंबूपाणी मागवलं. ईश्वरी आईच्या पर्समधून रुमाल काढायला गेली आणि तिच्या हाताला ते झाकण लागलं. त्याला वास होता.

लग्न झालं. निघताना ईश्वरी आईला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबांवर माझा राग नाही, आई. ते आजारी आहेत. माझा राग तुझ्यावर आहे. त्यांच्याशी बोलायला गेलं की प्रत्येक वेळी मधे तूच उभी असतेस."

ती परत आली नाही. फोन यायचा. "बाबांना दे," म्हणायची. ताई म्हणायच्या, "आत्ताच डोळा लागलाय." मग ती फोन ठेवायची.

हे सांगत ताई पुढच्या गल्लीत वळल्या. एका घरासमोर पापड वाळत घातले होते, त्यांना वळसा घालून पुढे गेलो.

मागच्या पावसाळ्यात एका महिन्यात बाटल्या लवकर संपल्या. ताईंनी मनाचा हिय्या केला, की आता आणायचीच नाही, एकदम बंद. अशी एकदम बंद केली की जिवावर बेततं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी वसंतरावांना फिट आली. शेजारच्यांनी, म्हणजे आम्हीच, गाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "घर में इनको देता कौन था?" ताईंनी शाळेत करतात तसा हात वर केला. मी शेजारी उभी होते. तो वर केलेला हात मी विसरणार नाही.

डॉक्टर रागावला नाही. त्याने वसंतरावांना दाखल करून घेतलं आणि एका चिठ्ठीवर लिहून दिलं: गुरुवार, अकरा वाजता, वरची खोली. "ये आपके लिए है," म्हणाला. ताईंना वाटलं, आपल्यावर तक्रार झाली. गुरुवारी त्या फाईल घेऊन गेल्या. फौजेचं डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, आधार, दोघांचे फोटो, ईश्वरीची लग्नपत्रिकासुद्धा.

वरच्या खोलीत मनीषाजी बसतात. समुपदेशक आहेत, पगार सरकारी, खुर्ची मोडकी. त्यांनी फाईल उघडलीच नाही. विचारलं, "आप कैसी हैं?"

ताई म्हणाल्या, "वो अब ठीक हैं जी. सुबह दलिया खाया."

"मैंने आपका पूछा."

"रात को नींद भी आई उनको."

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. चौमूंहून बसने येणारी तारामती म्हणून एक आहे, तिचा मुलगा गोळ्यांच्या नादी लागला होता. ती जोरात म्हणाली, "अरी फौजन, दलिया उसने खाया, तूने क्या खाया?" ताईंना आठवेना. आदल्या दिवसापासून त्यांनी काही खाल्लंच नव्हतं. तारामतीने पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून त्यांच्या ओंजळीत घातल्या. "पहले खा. फिर रो लेना."

तिथली रीतच अशी आहे. आलेल्या माणसाने आधी स्वतःचं बोलायचं. नवरा, मुलगा, भाऊ नंतर. ताईंना स्वतःचं एक वाक्य बोलायला तीन गुरुवार लागले. कपाटाची आणि झाकणाची गोष्ट सांगितली त्या दिवशी तारामती म्हणाली, "हम तो ठेके को गाली देते रहे, इसने तो घर में ही खोल रखा था!" आणि ताई, ज्या कधी कुणाच्या पुढे दात दाखवत नाहीत, त्या डोळ्यांना पदर लावून हसल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, मला कुणी वाईट म्हणालं नाही. चेष्टा केली फक्त."

वसंतराव घरी आले. औषधं घेतात, दर पंधरा दिवसांनी स्वतः तपासणीला जातात. दिवाळीत एकदा पाय घसरला, प्यायले. ताईंनी लगेच मनीषाजींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उन्हें बताने दीजिए." दोन दिवस ताई जीभ चावून बसल्या. तिसऱ्या दिवशी वसंतराव आपणहून गेले आणि सांगून आले. दोन दिवस गप्प बसणं फिटपेक्षा अवघड गेलं, असं ताई म्हणतात.

तीन महिन्यांपूर्वी वसंतराव म्हणाले, साबण आणि कुकर आणायला कॅन्टीनमध्ये जातो. ताई बरोबर गेल्या, पण आत गेल्या नाहीत. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली थांबल्या. मला त्यांनी तिथूनच फोन केला होता. "काही बोलू नको, नुसता फोन धर," म्हणाल्या. मी धरला. मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, "आले. पिशवी जड आहे. मी आत बघणार नाही." आणि त्यांनी खरंच बघितलं नाही. कुकर संध्याकाळी वसंतरावांनीच काढून ओट्यावर ठेवला.

आता उद्याचं होतं. मनीषाजींनी ईश्वरीला बोलावलं होतं, आणि ठरलं होतं की वसंतराव मुलीशी स्वतः बोलतील. साखरपुड्याचं, फोनचं, सगळं. त्यांना आजारानंतर शब्द सापडायला वेळ लागतो. वाक्य सुरू करतात आणि मधेच थांबतात, छताकडे बघतात.

देवळाच्या पायऱ्यांशी गर्दी होती. एक जण नवी मोटारसायकल हार घालून पूजेला घेऊन आला होता. आम्ही रांगेत उभ्या राहिलो, दर्शन झालं. ताईंनी या वेळी फार वेळ हात जोडले नाहीत. बाहेर येऊन आम्ही कठड्यावर बसलो. लाडूचा तुकडा त्यांनी हातातच ठेवला होता.

"काल रात्री जेवताना हे सराव करत होते," त्या म्हणाल्या. "'ईशू, मी...' म्हणाले आणि थांबले. मी भाजी वाढत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, 'बाबांना वाईट वाटतं गं.' तिथं ईशू नव्हती, कुणी नव्हतं, तरी बोलले मी. ह्यांनी ताट सरकवलं. म्हणाले, 'मालू, एवढं एक तरी माझं मला म्हणू दे.'"

मी म्हटलं, "मग उद्या गप्प बसा की."

"तुला सोपं वाटतंय. पस्तीस वर्षांची जीभ आहे. हे थांबले की ती आपोआप चालू होते. मला कळतसुद्धा नाही." त्यांनी लाडूचा तुकडा दोन बोटांत धरला, खाल्ला नाही. "आणि उद्या मी बोलले ना, तर ईशू त्यांच्याकडे बघायची पण नाही. पर्स उचलेल आणि जाईल. मला माहीत आहे माझी पोर."

जरा वेळ त्या समोरच्या मोटारसायकलीवर कुंकू लावणाऱ्या गुरुजींकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"मनीषाजी म्हणाल्या, आपलं एखादं माणूस बरोबर आणलं तरी चालेल. तू ये. माझ्या शेजारी बस, अगदी चिकटून. माझा हात धर. हे थांबले, छताकडे बघायला लागले, की तो दाबून ठेव, दुखला तरी सोडू नको. आणि तरीही माझं तोंड उघडलंच, तर सरळ मला उठव आणि बाहेर घेऊन जा. त्या दोघांना आत राहू दे. करशील एवढं?"