शेवळांचं पान

माझी एक वेबसाइट आहे. हसायचं तर हसून घ्या, आमच्या सोसायटीत सगळ्यांचं हसून झालंय. "कोण वाचतं हो तुमचं?" असं पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात विचारलेलं. "तुम्ही नाही, एवढं नक्की," असं म्हणून मी वर निघून आले. माझा स्वभाव असा आहे. तो आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

एका शाळेच्या ऑफिसात मी पस्तीस वर्षं कारकुनी केली. दाखल्यावर चुकलेली जन्मतारीख माझ्या टेबलावरून कधी पुढे गेली नाही. शिक्षकांच्या अर्जातल्या चुकांना मी लाल पेनने गोल करायचे आणि अर्ज परत पाठवायचे. हेडमास्तरांचेसुद्धा. रिटायर झाले तेव्हा ते पेन घरी आलं आणि आमच्या यजमानांच्या वाट्याला आलं. मग आमच्या डोंबिवलीत ज्येष्ठ नागरिकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. बाकीचे फोटो पाठवायला शिकून थांबले, मी हट्टाने वेबसाइट काढली.

तिच्यात काय आहे? खिडकीत येणाऱ्या पक्ष्यांची नोंद आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांचा वास येतो त्या दिवशी खिडकी बंद असते, तर तेही लिहिलंय. लोकरीचे टाके आहेत. कुंडीतली झाडं आहेत, त्यातली मेलेलीही. आणि रानभाज्या आहेत, कारण त्या मला आईने शिकवल्या. खडवलीहून एक मावशी भाजी घेऊन स्टेशनबाहेर बसते, तिच्याकडे मी वीस वर्षं जाते. टाकळा, कुर्डू, भारंगी, प्रत्येकीचं मी एकेक पान केलं. यजमान म्हणतात, कॉम्प्युटर कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून ते प्रत्येक पानाची प्रिंट काढून फाइलला लावतात. ती जाडजूड फाइल शोकेसमध्ये असते आणि पाहुणा आला की निघते. मी वरवर रागावते. मनातून मला ते फार आवडतं.

शेवळांचं पान मी दोन वर्षांपूर्वी लिहिलं. शेवळं म्हणजे मृगाच्या आसपास रानात जमिनीतून वर येणारे कोंब. चव अशी की मटण बाजूला ठेवावं, पण भाजी भलतीच खाजरी. वरचा पापुद्रा काढायचा, आतला पिवळा भाग टाकायचा, बारीक चिरायचं, आणि त्यात काकडं ठेचून त्यांचा रस गाळून घालायचा. काकड हे एक आंबट, हिरवं रानफळ. आवळ्याहून लहान असतं. त्याने शेवळांची खाज मरते. काकडं घातली नाहीत तर घशात सुया टोचतात आणि घसा सुजतो.

आता गंमत बघा. काकडं आम्ही कधी मागून घेतलीच नाहीत. शेवळांच्या दोन जुड्या घेतल्या की मावशी मूठभर काकडं आपणच पिशवीत टाकते. कोथिंबिरीबरोबर मिरची टाकावी तशी. आई म्हणायची, "शेवळं आणलीयेत," त्यात काकडं आलीच. म्हणून मी साहित्यात लिहिलं, "शेवळांच्या दोन जुड्या". पुढे खोबरं, कांदा, सोडे, मसाला, सगळं चमच्याच्या मापाने. चिरताना हाताला तेल लावा, हेसुद्धा लिहिलं. काकडं लिहिली नाहीत. माझ्या डोळ्यांना ती त्या दोन जुड्यांमध्ये दिसतच होती.

गेल्या जूनमध्ये त्या पानाखाली एक कमेंट आली. लिहिणारी मुलगी ठाण्याला राहते. माहेर सोलापूरचं, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिच्या सासूबाई लहानपणी आजोळी खाल्लेल्या शेवळांची आठवण काढायच्या. त्यांनी स्वतः ती कधी केली नव्हती, नुसती खाल्ली होती. त्यांच्या वाढदिवसाला त्या देवळातून यायच्या आत भाजी तयार ठेवायची, असं हिने ठरवलं. शेवळं मोबाइलवरून मागवली. स्वच्छ, निवडलेली, प्लास्टिकच्या डब्यात आली. डब्यात मूठभर काकडं टाकायला मावशी कुठली असायला?

"काकू, तुमच्या कृतीने तंतोतंत केली," तिने लिहिलेलं. "आईंनी पहिला घास घेतला आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं, आवडली. माझं मन मोडू नये म्हणून त्यांनी वाटी संपवली. अर्ध्या तासात घसा सुजला, श्वास घेता येईना. दोन दिवस अ‍ॅडमिट होत्या. आता बऱ्या आहेत. काही चुकलं का माझं?"

दुपारची वेळ, यजमान पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. मी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग पुन्हा वाचलं. काकडं कुठेच नव्हती. एका बाईचा जीव माझ्या पानामुळे जाता जाता राहिला होता.

आणि मग मी काय केलं? पान उघडलं, साहित्यात दुसऱ्या ओळीवर लिहिलं, "काकडं – दहा ते बारा (आवश्यक)". कृतीतही दोन वाक्यं घुसवली. सेव्ह केलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पस्तीस वर्षं ज्या बाईने खाडाखोड केलेला एक दाखला स्वीकारला नाही, त्या बाईने हे केलं. वर त्या मुलीला उत्तर दिलं, अगदी ऑफिसच्या भाषेत: "कृती नीट वाचावी. काकडे आवश्यक असल्याचे स्पष्ट नमूद केले आहे. आपल्या सासूबाईंच्या प्रकृतीस आराम पडो."

लाज वाटते हे लिहिताना. तेव्हा वाटली नाही. तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. मला वाटलेलं, भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं, भांडायला मला येतं.

"सॉरी काकू. आत्ता परत वाचलं. काकडं लिहिलीच आहेत. मोबाइलवर बघत बघत केलं, माझंच लक्ष नसेल. तुमचं कसं चुकेल? मी घरी सांगितलं की मीच नीट वाचलं नाही. आई ओरडल्या नाहीत. पण आता त्या माझ्या हातचं काही खात नाहीत. स्वतःपुरता कुकर लावतात."

शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं असेन. स्वतःपुरता कुकर. एका घरात दोन कुकर, आणि नव्या सुनेने ओट्याशी बाजूला उभं राहून सासूचा कुकर होईपर्यंत थांबायचं. मी सून होते, मला ते उभं राहणं माहीत आहे.

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी रोज ठरवायचे आणि रोज काहीतरी निघायचं. गणपती आले, दिवाळी आली. पक्ष्यांची नोंद करायला बसले तरी आधी शेवळांचं पान उघडून बघायचे, तिने आणखी काही लिहिलंय का म्हणून. काही नसायचं. मला वाटायचं, मिटलं असेल एव्हाना. सासवा-सुनांचं मिटतंच की. मग माझं मलाच कळायचं की ही मी माझी समजूत घालतेय. मावशीकडे जाणंही मी टाळायला लागले. मानपाडा रोडवरच्या दुकानातून फ्लॉवर-कोबी आणायला लागले. यजमानांनी विचारलं, "मावशीशी भांडलीस काय गं?" मी त्यांच्यावर खेकसले.

फेब्रुवारीत त्यांचे एक जुने मित्र जेवायला येणार होते. म्हणजे फाइल निघणार. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फाइलमध्ये जुनं पान आहे! काकडं नसलेलं. यजमान आंघोळीला गेले होते. मी शोकेस उघडली, फाइल काढली आणि पानं उलटत गेले. ते पान काढून फाडून टाकायचं, बस. मग जगात कुठेही पुरावा नाही.

पान सापडलं. साहित्याच्या यादीशेजारी, समासात, यजमानांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं होतं: "काकडं राहिली."

ते टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले, तर मी फाइल मांडीवर घेऊन तशीच बसलेले.

"हे कधी लिहिलंत?"

"प्रिंट काढली तेव्हाच."

"दोन वर्षांपूर्वी? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलेलं की," ते म्हणाले. "तू म्हणालीस, तुम्हाला स्वयंपाकातलं काय कळतं? मग मी आपलं पेन्सिलीने लिहून ठेवलं."

मला यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पण ते खरं बोलतायत हे लगेच कळलं, कारण वाक्य माझं होतं. दिवसातून दोनदा तरी मी ते म्हणते. मी रडायला लागले तेव्हा ते घाबरलेच, लग्नाला एवढी वर्षं झाली पण मी त्यांच्यासमोर फार वेळा रडलेली नाही. मग सगळं सांगितलं. कमेंट दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून हळूहळू वाचलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला हवंच होतं. ते एवढंच म्हणाले, "त्या पोरीला कळव आधी. जेवण मी बाहेरून मागवतो."

मी बसले. पानाच्या अगदी वर, शीर्षकाच्याही आधी लिहिलं: "या कृतीत मी काकडं लिहायला विसरले होते. ही कृती वाचून एका मुलीने भाजी केली, तिच्या सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. तिने मला विचारलं, तेव्हा मी गुपचूप काकडं घातली आणि तिलाच नीट वाच म्हणून सुनावलं. तिने नीटच वाचलं होतं. चूक माझी, आणि खोटेपणाही माझा." खाली पेन्सिलीच्या अक्षरासकट जुन्या पानाचा फोटो लावला. तिच्या कमेंटखाली लिहिलं, "बाळा, वर बघ."

पाहुणे आले, जेवले, गेले. फाइल कोणी काढली नाही. उत्तर आलं तेव्हा संध्याकाळचा दिवा लावून झाला होता. मला वाटत होतं ती चिडेल. चिडू दे. आठ महिने तिला मी खोटं पाडलं होतं, हवं ते बोलू दे.

तिने एकच ओळ लिहिली होती.

"काकू, हे आईंना दाखवलं तर चालेल ना तुम्हाला?"