ओळखण्याची तिसरी रीत

वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि मी नागपूरला तत्त्वज्ञान शिकत होतो. सत्य कशाकशानं कळतं, हे नुकतंच पाठ केलेलं. पॅसेंजरमध्ये समोर एक म्हातारा मांडीवरचं भाकरीचं गाठोडं सारखं चाचपत होता. लहानपणी हरवलेला भाऊ सिंदीला आहे, असं कळलं म्हणून तो निघाला होता.

“तोच भाऊ, हे कसं ओळखणार?” मला राहवेना.

“भिवईवरची खूण पाहीन. मायचं नाव इचारीन. तरी नाई पटलं, तं संगं जेवाले बसीन.”

“आणि जेवल्यावरही तो भाऊ निघाला नाही तर?”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “एका भाकरीतलं खाल्ल्यावर भाऊ नाई कसा राहीन, बाबू?”

सिंदीला तो उतरला. मी खिडकीतून मान बाहेर काढली. फलाटावर एक माणूस त्याची वाट पाहत होता. त्याच्याही हातात तसंच गाठोडं होतं.