सरपंचबाई निशी-कसाईत

लीलावतीबाई सरपंच झाल्या, तेव्हा आधी त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. पंचायतीचा कायदा बदलला, गावची जागा बायकांसाठी राखीव झाली आणि घरच्यांनी यांना उभं केलं, एवढंच. तोवर गावाचा कारभार म्हणजे तालुक्याहून येईल ते मुकाट घ्यायचं. पहिल्याच सभेत ग्रामसेवकानं समाजमंदिराचा कागद पुढे सरकवला.

"वरून मंजूर होऊन आलंय. सही करा."

"बायका पाण्याला ओढ्यावर जातात," बाई म्हणाल्या. "आधी ग्रामसभेत विचारू."

ग्रामसभेला तोवर एकही बाई फिरकली नव्हती. लीलावतीबाई घरोघर जाऊन बोलावून आल्या. पाण्याची टाकी व्हायला दोन उन्हाळे गेले, पण झाली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. यंदा त्या मुलाकडे, केदारकडे, टोकियोतल्या निशी-कसाईला आल्या होत्या. तिथल्या इमारतीत रहिवासी मंडळाचं काम पाळीपाळीनं करावं लागे. मजल्याची पाळी सुनेवर, सुमेधावर आली.

"आई, मी नाही म्हणणार आहे. सभेतली जपानी मला झेपत नाही."

"नाही म्हण, पण तिथं जाऊन म्हण. मीही येते."

रविवारी सकाळी खालच्या हॉलमध्ये बैठक भरली. अध्यक्ष फुजिता-सान म्हातारे, सौम्य. भूकंपाच्या कवायतीला भारतीय कुटुंबं येत नाहीत, एवढीच त्यांची खंत. सुमेधानं सासूबाईंना ते समजावलं.

"घरी जाऊन सांगितलं का कुणी त्यांना?" बाईंनी विचारलं.

सुमेधानं अडखळत जपानीत तेच विचारलं. फुजिता-सान म्हणाले, "पूर्वी जायचो. आता दार वाजवलेलं लोकांना आवडत नाही."

"आमच्या लोकांना आवडतं म्हणावं. वर चहाही देतील."

सुमेधानं तेही जपानीत सांगितलं आणि हॉलमध्ये हसू पसरलं. त्या भरात सुमेधा बोलून गेली, "मी जाते. या वर्षी आमच्या मजल्याचं मी बघेन."

सासूसुना दोन संध्याकाळी दारोदार फिरल्या. कवायतीच्या दिवशी पटांगणात मराठी, तमिळ, जपानी अशी सगळी सरमिसळ झाली. लीलावतीबाईंनी पदर खोचून आग विझवायचं नळकांडं चालवून पाहिलं.

फुजिता-साननी विचारलं, "भारतात या काय करायच्या?"

सरपंचाला जपानी शब्द सुमेधाला सुचेना. "गावच्या प्रमुख होत्या," ती म्हणाली आणि तालुक्याहून आलेल्या कागदाची, पाण्याच्या टाकीची गोष्टही जमेल तशी सांगितली. फुजिता-साननी बाईंना कमरेत वाकून नमस्कार केला आणि विचारलं, तिकडे अजून तसंच चालतं का?

"कुठलं," बाई म्हणाल्या. "आता निधी थेट ग्रामपंचायतीला येतो. बायका सभेत माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतात. बरं वाटतं ऐकायला."

सुमेधा ते जपानीत सांगू लागली. या वेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. बाई शेजारी बसून कवायतीत वाटलेला भात चवीनं खात राहिल्या.