गिरगावापासून पुढे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. पन्नासाव्या वाढदिवसाला मी पन्नास किलोमीटर चाललो, असं लालबागची आमची अख्खी चाळ मानते. त्या दिवशी मी गिरगावातून टॅक्सीने घरी आलो.

कल्पना मित्राची. आम्ही एकाच मजल्यावर वाढलो, वाढदिवसही एकाच आठवड्यातले. तो संध्याकाळी मैदानात पोरांना कबड्डी शिकवायचा. मी ऑफिसात बसून पोट वाढवलेलं. "केक कापून काय होतंय रे? चालूया," म्हणाला. पहाटे निघून आधी शिवाजी पार्कपर्यंत जाऊन यायचं, मग कफ परेडच्या मच्छीमार नगरापर्यंत दोन फेऱ्या.

चाळीला तेवढं पुरलं. आदल्या दिवशीच गेटवर आमच्या दोघांच्या फोटोंचा बॅनर लागला: 'सलग पन्नास किलोमीटर चालून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. मी म्हटलं, अरे, अजून निघालोय कुठे? मंडळाचे कार्यकर्ते म्हणाले, "काका, आता तुमचं तुम्ही बघा. छापून झालंय."

दुसऱ्या फेरीत मच्छीमार नगरला पोचल्यावर मित्र वाळत घातलेल्या बोंबलांपाशी खाली बसला. टाचेला फोड आले होते. "पट्टी लावतो, तू हो पुढे." मी झालो. गिरगावात माझ्या पोटरीत असा गोळा आला की पाय टेकवेना. समोरच एक टॅक्सी रिकामी झाली. जरा पुढे सोडा, असं म्हणणार होतो. तोंडातून 'लालबाग' आलं.

वाटेत त्याचा फोन. "कुठायस?"

"भायखळा आलं," मी म्हणालो. भायखळा आलंच होतं.

"साल्या, एवढ्यात? थांब, गाठतोच तुला."

तेव्हाच सांगायला हवं होतं, मी टॅक्सीत आहे, तू सावकाश ये. मी काच वर केली, टॅक्सीतला आवाज त्याला जाऊ नये म्हणून ड्रायव्हरला गप्प राहायची खूण केली.

चाळीच्या अलीकडे उतरलो. बाटलीतलं पाणी मानेवर आणि शर्टावर ओतलं आणि लंगडत बॅनरखालून आत गेलो. लंगडणं तेवढं खरं होतं. बायकोने आणि शेजारणींनी कणकेचे पन्नास दिवे लावून मला ओवाळलं. दिव्यांकडे बघवत नव्हतं, तर लोकांना वाटलं, दमलाय.

तो बऱ्याच वेळाने आला, जिन्याचा कठडा धरत. मला गाठायला तो पळत सुटला होता. वाटेत गुडघा फिरला, तरी थांबला नाही. पुढे ऑपरेशन झालं. आता मैदानात खुर्ची टाकून बसतो आणि पोरांना नुसतं तोंडाने शिकवतो. चढाई कशी करायची ते करून दाखवता येत नाही.

कुणाशी ओळख करून देताना माझ्या पाठीवर थाप मारतो. "याच्या नादाला लागून गुडघा घालवला. पण साला चालला हां." मी हसतो. परवा मात्र म्हणाला, "माझंच चुकलं रे. झेपत नव्हतं तर पळायचं कशाला?" मी म्हणालो, "जाऊ दे ना."

त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्याला गाठायला तो पळत होता, तो रस्त्यावर नव्हताच. हे त्याच्यासमोर बसून त्याला सांगायचं देणं मी अजून लागतो.