गुडघ्यापर्यंत आलेली माळ

दादाला कावीळ झाली तेव्हा वरूडजवळच्या आमच्या गावात सगळे करतात तेच आम्ही केलं. काविळीची माळ आणली. काड्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरते तशी ती लांबत खाली येते, असं म्हणतात. दादाची आठ दिवसांत गुडघ्यापर्यंत आली. डोळेही पांढरे झाले. एकदा अमरावतीला दाखवून येऊ, असं वहिनी म्हणत होती. तिला मीच गप्प केलं. "माळ उतरली ना, आता काय पायजे?"

पाच वर्षांनी दादाचं पोट दुखायला लागलं. यकृताचा कॅन्सर निघाला. गावाने लगेच कारण म्हणून दारू शोधून काढली. दादा मोझरीच्या आश्रमाच्या प्रार्थनेला बसणारा, सुपारीलाही न शिवणारा. मी दोघातिघांशी कडाक्याचं भांडलो. डॉक्टरांनी सांगितलं, हा हिपॅटायटिस बी. बहुधा जन्मतानाच आईकडून आलेला. कावीळ उतरली तरी विषाणू आतच राहिला आणि यकृत पोखरत गेला. भावानेही रक्त तपासून घ्यावं, असं ते म्हणाले. मी मान डोलावली आणि घाबरून टाळत राहिलो.

दादा गेला. नवव्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, वहिनीने मला अकोल्याला तिच्या माहेरच्या ओळखीतल्या डॉक्टरांकडे चला म्हटलं. बायका कुजबुजायला लागल्या. तेरवी तर होऊ द्या, मी म्हणालो.

"तेरवीले तुमी नसले तरी चालते, भाऊजी. रक्त आज द्या. त्याईले माळेनं फसवलं, तुमाले मी नाई फसू देत."

माझ्याही रक्तात तो विषाणू होताच. तेव्हापासून रोज एक गोळी आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. चौथ्या सोनोग्राफीत यकृतात बोराएवढी गाठ दिसली. मला काहीसुद्धा दुखत नव्हतं. संत्र्याच्या तोडीत होतो, जायचा कंटाळाच केला होता. वहिनीने फोनवर झाडलं म्हणून गेलो. गाठ वेळेत काढली.

त्याला तीन वर्षं झाली. परवाचा रिपोर्टही चांगला आला. तो घेऊन सरळ वहिनीकडे गेलो आणि इतकी वर्षं न बोललेलं बोललो, की तेव्हाच तुमचं ऐकलं असतं तर दादा कदाचित असता.

तिने रिपोर्ट उलटून पालटून बघितला. तिला त्यातलं काही कळत नाही, मलाही नाही.

"आता आयकता ना," ती म्हणाली. "चहा घ्या."

मी घेतला. डोळे पुसायलाही तिनेच सांगितलं.