बाईंनी सांगितलेली परीक्षा

सत्तरच्या दशकात लखनौला आमच्या शेजारी एक वयस्क गोरं मिशनरी जोडपं राहायचं. त्यांच्या चर्चमधल्या एका बाळंतिणीला रक्त हवं होतं. सोबत म्हणून मीही इस्पितळात गेले.

“मरीज़ आपकी कौन है?” नर्सने विचारलं.

“लिखिए, बेटी,” म्हणत साहेबांनी दंड पुढे केला. मग बाईंनी.

“एक बोतल और चाहिए, जल्दी!” नर्स माझ्याकडे वळली. “आप?”

माझा रक्तगट तोच होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी खाली बघत राहिले.

“इसका कल इम्तहान है,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मेरा ही और ले लीजिए.”

माझी परीक्षा कधीच संपली होती. ती संपली त्या दिवशी केक बाईंनीच भाजला होता.

बाळंतीण वाचली. बाई पुढेही रोज फाटकातून मला हाक मारत आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेई.