एक्स-रे गाडीचा जनरेटर

उमेदीची वर्षं एका जनरेटरसोबत गेली की माणसाकडे किस्से तेवढे उरतात. प्रताप नगरात आम्ही रिटायर मंडळी संध्याकाळी बसतो. कोणी पेन्शनचं रडतो, कोणी सुनेचं. मी जनरेटरचं रडतो.

आणीबाणीच्या आगेमागे मी क्षयरोगाच्या फिरत्या एक्स-रे गाडीवर इलेक्ट्रिशियन होतो. डॉक्टर, कंपाउंडर राऊत, ड्रायव्हर देवराव आणि मी. गावोगाव जाऊन छातीचे फोटो काढायचे. डाग दिसला की डॉक्टर औषध सुरू करणार, नाही दिसला तर माणूस मोकळा. पण फोटोला पाहिजे पुरतं व्होल्टेज, आणि नेमकं तेच आमच्या नशिबात नव्हतं!

*

गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी होती. पहिल्याच कॅम्पला इंजिन असं धडधडलं की झाडावरचे कावळे उडाले, आणि मीटरवर शून्य! जनरेटर फार दिवस बंद राहिला की त्यातलं चुंबकत्व जातं. बॅटरीच्या तारा क्षणभर टेकवून ते जागं करावं लागतं. मी तारा टेकवल्या आणि त्याच वेळी देवरावनं नारळ फोडला. काटा चढला. श्रेय नारळाला गेलं.

पुढच्या गावी मी तारा बाहेर काढल्या तर सरपंच म्हणाला, "तारा राहू द्या जी, नारळ आनला हाय."

*

एका गावात मीटर ठीक, पण फोटोचं बटण दाबलं की काटा निम्म्यावर यायचा. फोटो पांढरेफटक. जनरेटरचे कार्बन ब्रश घासले, नट आवळले, डोकं फुटायची वेळ आली. शेवटी गाडीमागून निघालेली एक वायर दिसली. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचा लाउडस्पीकर, पंखे, मांडवाचे दिवे, सगळं आमच्यावर!

मी वायर काढायला गेलो तर कार्यकर्ते अंगावर आले. म्हणे, साहेब क्षयरोगावरच बोलून राहिले. खोकणारी माणसं उन्हात बसून ऐकत राहिली.

*

राऊत वजनदार माणूस. मे महिन्यात तो दमून जनरेटरच्या झाकणावर टेकला आणि व्होल्टेज आलं. उठला, गेलं. आतलं कनेक्शन ढिलं होतं. उघडून बसलो असतो तर रांग घरी गेली असती. डॉक्टर म्हणाले, "राऊतला उठू देऊ नका."

दुपारभर तो त्या तापल्या पत्र्यावर ओलं पोतं घेऊन बसला होता. फोटो मात्र आले.

*

एका बाईचा फोटो दोनदा पांढरा आला. दोन्ही वेळा आम्ही तिला पुढच्या फेरीला या म्हणालो. तिसऱ्या फेरीला ती दिसली नाही म्हणून मी बोलवायला तिच्या घरी गेलो. तिचा नवरा ओसरीवर बसला होता.

"आता कोनाचा फोटो काढता, भाऊ?" तो म्हणाला.

त्या दिवशी मला जनरेटर नदीत ढकलावासा वाटला. खरं सांगतो, रडलो मी.

*

मग वरून निरोप आला, खाप्याच्या कॅम्पला फोटो आले नाहीत तर गाडी भंगारात. मी अख्खा जनरेटर खोलून बसवला. खाप्यात रांग लागण्याआधी डॉक्टर म्हणाले, एक फोटो काढून पाहू. उभं कोण राहणार? देवरावनं सदरा काढला. फोटोच्या जागेसमोरच मीटर होता. तो छाती लावून उभा राहिला, मी बटण दाबलं.

राऊतनं पडद्याआड फोटो धुऊन आणला. बरगडी न् बरगडी मोजून घ्या! इतका स्वच्छ फोटो आमच्या गाडीनं कधी काढला नव्हता. मी राऊतला मिठी मारली. देवराव सदऱ्याची बटणं लावत हसत होता.

डॉक्टर ओला फोटो उन्हाकडे धरून बघत राहिले. मीही मान वाकडी करून बघितलं. उजवीकडे, वरच्या बाजूला पांढरा डाग होता.

"व्होल्टेज पडलं असेल," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा काढू."

देवराव म्हणाला, "मी काट्याकडेच पाहून राहिलो होतो जी. काटा हालला नाही."